फादरांचा नारळ आणि इतर ठळक बातम्या

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, ‘जय जय महाराष्ट्र माझा’ झालं की आमच्या नातीच्या शाळेत बातम्या होतात. तिसरी-चौथीतलं एखादं लेकरू माइकपुढे उभं राहतं आणि जगाची खबर इंग्रजीतून देतं. रेपो रेट स्थिर. अमक्या देशाचे पंतप्रधान तमक्या देशाच्या पंतप्रधानांना भेटले. माइक खाली करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे अर्धं जग लेकराच्या डोक्यावरून जातं आणि उरलेलं समोरच्या रांगांच्या. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून नातीला सोडणं-आणणं हे खातं माझ्याकडे आहे, म्हणून मी हे सगळं फाटकाबाहेरून ऐकतो. फाटकाबाहेर आम्हा आजोबांची एक वेगळी रांग असते. रेपो रेटवर मान डोलावणारे आम्हीच. मुदत ठेवी आमच्याच आहेत.

पण त्या नुसत्या वाचायच्या बातम्या. शाळेच्या खऱ्या बातम्या कोणी वाचून दाखवत नाही, त्या फुटतात. थर्ड बीच्या मिसचं लग्न जुळलं. पीटीच्या सरांनी शिटी हरवली म्हणून दोन दिवस टाळ्या वाजवून कवायत घेतली. फादरांच्या नारळाला फळ धरलं. या बातम्यांवर गावात निदान पाचशे घरं चालतात, आणि त्यांतली बहुतेक घरं अशी की चर्चची पायरी कधी चढली नाहीत.

शाळा कॅथलिक आहे. नाव सांगत नाही, कारण नात अजून चौथीत आहे आणि मला पुढची काही वर्षं त्याच फाटकाशी उभं राहायचं आहे. कॅथलिक शाळेत कॅथलिक किती, तर २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती माणूस टक्क्याच्या आत भरला, आणि त्यातलाही मोठा वाटा मुंबई-वसईकडचा. तेरा लाखांच्या वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला आले ते फादर, सिस्टर, सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यांतल्या केरळी नर्सबाई आणि इकडची-तिकडची काही कुटुंबं. बाकी हजेरीपट उघडा. वानखेडे, थूल, भोयर, उईके, शेख, अग्रवाल, मेश्राम. धर्म सिस्टरांचा आणि शाळा आमची, अशी वाटणी कधी झाली कोणास ठाऊक, पण झालेली आहे आणि दोन्ही पक्षांना मान्य आहे.

हे केरळचे फादर-सिस्टर इथे कसे आले, याचं उत्तर थोडं लांबून येतं. तिकडे कुरियाकोस चावरा नावाचे एक धर्मगुरू होते, आता ते संत आहेत. त्यांनी १८६४ साली हुकूम काढला की प्रत्येक चर्चला लागून शाळा हवी. पुढे १९६२ मध्ये रोमने चांदा भागाचं काम चावरांच्याच सिरो-मलबार पंथाच्या मंडळींकडे सोपवलं, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, बिशपांची गादी बल्लारपूरला, म्हणजे बल्लारशाला, आली, आणि आपला वर्धा जिल्हा त्या धर्मप्रांतात बसला. एवढं झाल्यावर शाळा निघणारच होती. चर्च छोटं आणि शाळा मोठी, हे आमच्याकडचं दृश्य चावरांनी पाहिलं असतं तर त्यांना हुकमाची अंमलबजावणी जरा जास्तच झाली असं वाटलं असतं.

आणि ती अंमलबजावणी कुठे झाली बघा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि नई तालीम जन्माला आली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हाताला उद्योग देऊन. त्याच वर्ध्यात केजी वनच्या फॉर्मसाठी पहाटे साडेपाचला रांग लागते आणि रांगेत सगळ्यांत पुढे नई तालीमवर व्याख्यानं देणारे एक गुरुजी असतात. नातवासाठी. कोणी पाहिलं तर म्हणतात, ‘‘सुनेचा आग्रह.’’ वर्ध्यात इंग्रजी शाळेत गेलेलं प्रत्येक मूल सुनेच्या आग्रहाने गेलेलं आहे. खादीचा सदरा घालून त्यांनी तो फॉर्म भरला तेव्हा आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण, घरात बोलली जाणारी भाषा, असे रकाने होते. तिसऱ्या रकान्याशी गुरुजींचं पेन बराच वेळ थांबलं. मी मागेच उभा होतो, म्हणून सांगतो. त्यांनी ‘मराठी’ लिहिलं, आणि कंसात ‘अंडरस्टँड्स इंग्लिश’.

आता बातम्या फुटतात कशा, ते सांगतो. पालकांना वाटतं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथे फुटत नाहीत, तिथे त्यांची पुनरावृत्ती होते. ‘उद्या अर्धी शाळा’ अशी मिसची सूचना येते. तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागते. अंगठे संपले की एक बाप विचारतो, ‘उद्या अर्धी शाळा आहे का?’ त्याला तिघी आया ‘हो’ म्हणतात, एक आई ‘नक्की का?’ म्हणते आणि कोणाचे तरी सासरे मधेच गुलाबासह शुभ रात्री पाठवून मोकळे होतात. रात्री पावणेअकराला खरी वेळ येते: उद्या जलचक्राचं मॉडेल न्यायचं आहे. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे त्या क्षणी सगळ्यांनाच आठवतं, आणि कोणाच्या घरी टीव्हीच्या खोक्यातला तुकडा पडला आहे याची चौकशी हळू आवाजात, म्हणजे खासगी मेसेजवर, सुरू होते.

मूळ वृत्तसंस्था आहे आमचे ऑटोवाले काका. त्यांच्या ऑटोत किती पोरं मावतात हे विचारू नये. नात मी नेतो-आणतो, पण बातमीसाठी मी काकांच्या ऑटोपाशीच गाडी लावतो. परवा सकाळी ते म्हणाले, ‘‘बाबूजी, उद्या अर्धी शाळा हाय.’’ नोटीस आली संध्याकाळी. मी विचारलं, ‘‘तुम्हाले कसं कळलं?’’

‘‘वॉचमनची बायको किचनमंधी असते ना. सिस्टर लोकाइनं उद्याच्यासाठी इडलीचं पीठच नाही भिजवलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? सकाळच्या गाडीनं बल्लारशाले चालल्या. बिशपची मीटिंग. सिस्टर नाही तं पूर्ण शाळा कोण चालवते?’’

मी तीस वर्षं वीज मंडळात काढली. लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्हाला आमच्याच ऑफिसातून इतकं अचूक कधी कळलं नाही.

मुख्य सिस्टरांबद्दल सांगायलाच हवं. त्या केरळच्या, पण पहिली बारा-तेरा वर्षं त्यांनी खेड्यांत काढली. त्यामुळे त्यांची मराठी थेट बांधावरची आहे. गंमत अशी की पालक त्यांच्याशी बोलताना आपली मराठी दडवून ठेवतात. ‘‘सिस्टर, माय सन इज नॉट फिनिशिंग हिज डब्बा,’’ असं एक बाप घामाघूम होऊन सांगत होता. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘काहून? भाजी कोणती देता तुम्ही त्याले?’’ बाप क्षणभर गप्प झाला आणि मग त्याचं गाडं असं सुटलं की पडवळापासून सासूपर्यंत सगळं आलं. सिस्टरांना आमच्यापैकी निम्म्या घरांतल्या सासवा तोंडपाठ आहेत.

मुलांनी मात्र शाळेत इंग्रजीच बोलायचं. मराठी बोलणाऱ्यांची नावं मॉनिटर लिहून ठेवतो. नातीच्या वर्गाचा मॉनिटर फार कर्तव्यदक्ष आहे. आता राज्यात सगळ्याच शाळांना २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे, त्यामुळे मराठीचा तासही असतो. त्या तासाला यादी चालू ठेवायची की बंद, हा घटनात्मक पेच त्याने एकदा मिसपुढे मांडला. मिस म्हणाल्या, त्या तासाला बंद. तेव्हापासून पोरं पोटातलं सगळं मराठीच्या तासासाठी राखून ठेवतात. त्या तासाला त्या वर्गातून जो आवाज येतो तो ऐकून एकदा फादर धावत आले होते.

आता तान्हा पोळा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हा सण माहीत नसेल तर त्यांचं नुकसान आहे. पोळ्याला खऱ्या बैलांचा मान, आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांचा. चाकांवरचा नंदी सजवायचा, दोरीने ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा गोळा करायचा. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर तान्हा पोळ्याचे नंदी असे असतात की त्यांना तान्हे म्हणायला जीभ धजत नाही. शाळेत हा सण सुट्टीच्या आदल्या दिवशी होतो. चर्चच्या डाव्या बाजूला मारियामातेचा पुतळा आहे, त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत नंदी रांगेने उभे. परीक्षक म्हणून मुख्य सिस्टर आणि बल्लारपूरहून आलेले एक तरुण फादर, ज्यांना महाराष्ट्रात येऊन जेमतेम पावसाळा झाला होता.

त्या तरुण फादरांचा चेहरा मी जवळून पाहत होतो. पहिला नंदी सुताराकडून खास करवून आणलेला, शिसवी, शिंगांना पितळेच्या टोप्या. दुसऱ्याच्या अंगावर दिव्यांची माळ, पोटात बॅटरी. तिसरा गळ्यात ‘शेतमालाला भाव द्या’ अशी पाटी घालून आलेला. फादरांनी ती पाटी अक्षर जुळवत वाचली आणि सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, ‘‘असते असं.’’ चौथा नंदी मात्र नंदी नव्हताच. उईकेंच्या घरच्या पोराने नांगराच्या मोडक्या फाळाचा तुकडा, दोन बाभळीचे काटे आणि औषधाच्या बाटलीची चार झाकणं घेऊन स्वतःच काहीतरी केलं होतं. ते सरळ ओढलं की डावीकडे जायचं. पोरगं त्याला दर वेळी चुचकारून वळवत होतं, खऱ्या बैलाला वळवतात तसं, आणि मधूनच त्याच्या कानात बोलत होतं. बॅटरीवाल्याच्या आईने मोबाइल खाली केला. तरुण फादर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, बैलाचं नाव काय? पोरगं म्हणालं, ‘‘लेफ्टी.’’

पहिलं बक्षीस लेफ्टीला गेलं, आणि ग्रुपवर दोन दिवस वादळ. निकष काय होते? सजावटीचे गुण कोणी धरले? परीक्षक बाहेरचे होते. तिसऱ्या दिवशी ‘शेतमालाला भाव द्या’ यांनी मौन सोडलं आणि ‘निकाल मान्य’ असं लिहिलं. ते बाजार समितीत आहेत, निकाल मान्य करण्याचा त्यांना सराव आहे.

वेशभूषा स्पर्धेतही आमच्या शाळेचं काही वेगळंच चालतं. इतर गावांत शिवाजीमहाराज जास्त होतात. वर्ध्यात गांधीजी होतात. एका वर्षी गांधीजींची संख्या इतकी झाली की मिसने त्यांना दोन रांगांत उभं केलं, आणि मागच्या रांगेतले गांधीजी पुढच्या रांगेतल्या गांधीजींना काठीने टोचत होते. विनोबा कोणी होत नाही, दाढी टोचते. त्याच वर्षी एक मुलगी गुलाबी फ्रॉकमध्ये, गुलाबी टोपी, गुलाबी मोजे घालून आली आणि परीक्षकांना वाटलं परी. तिने माइक ओढला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की ती गुलाबी बोंडअळी आहे आणि सगळं बोंड आतून खाऊन टाकणार आहे. २०१७ चा हंगाम ज्यांनी शेतात पाहिला त्या पालकांत कोणी हसलं नाही. नंतर हसले. तिच्या बापाने तर डोळे पुसले, पण ते हसून की कशाने, हे मी विचारलं नाही.

सिस्टरांचा वाढदिवस कोणाला माहीत नसतो. त्यांची ‘फीस्ट’ असते, म्हणजे ज्या संताचं नाव घेतलं त्याचा दिवस. पोरं एका सुरात ‘हॅपी फीस्ट’ गातात आणि प्रत्येकाला एक चॉकलेट मिळतं, यापलीकडे पालकांना त्याची फोड करता येत नाही. आमच्या घरी ही फोड आमच्या हिने केली. केरळच्या अल्फोन्सा, ज्या २००८ मध्ये भारतातल्या पहिल्या कॅथलिक संत स्त्री ठरल्या, त्यांचा दिवस २८ जुलैला असतो. हिने नातीला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? नात म्हणाली, त्या गेल्या. ‘‘म्हणजे पुण्यतिथी!’’ ही म्हणाली आणि निश्चिंत झाली. गजाननमहाराजांच्या पुण्यतिथीची तिला सवय आहे. पुढे उपवासकाळ लागला. बाकीच्या कॅथलिक जगात कपाळाला राख लागते बुधवारी, या केरळी मंडळींत सोमवारी. हिने फाटकाशी सिस्टरांचं कपाळ पाहिलं आणि जवळ जाऊन आदराने विचारलं, ‘‘अंगारा शेगावचा का?’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘नाही, इथलाच.’’ दोघींचंही समाधान झालं.

नाताळ हा मात्र शाळेचा खरा मोठा सण, आणि तिथे गाव पूर्ण उतरतं. येशूजन्माचा गोठा दरवर्षी फादरांच्या देखरेखीखाली होतो. बांबू शाळेच्या मागचे, गवत थूल यांच्या शेतातलं, मेंढ्या मातीच्या. बेथलेहेमला बर्फ पडत होता की नाही यात मी पडत नाही, पण आमच्या गोठ्यावर पडतो. डिसेंबर म्हणजे कापसाचा हंगाम, घरोघर ढीग लागलेले, त्यामुळे बर्फाला तोटा नाही. पोरांनी पिशव्या भरून आणला. पण तो पिंजलेला नव्हता, वेचून आणलेला तसाच होता. त्यामुळे बेथलेहेमला त्या वर्षी सरकीसकट बर्फ पडला आणि रात्रीतून उंदरांनी तो अर्धा वितळवला. सकाळी शिपाईमामा उरलेला बर्फ झाडत म्हणाले, ‘‘भाव सात हजाराच्या वर आहे अन् हे देवावर उधळून रायले.’’

नाटकात मारिया झाली मेश्रामांची मुलगी, योसेफ झाला शेखांचा मुलगा. तिन्ही राजे अग्रवालांच्या दुकानातल्या शेरवान्यांत, किमतीची चिठ्ठी आत खोचलेली. हेरोद राजा करायला कोणी तयार नव्हतं, शेवटी गुरुजींच्या नातवाला तो मिळाला. गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते, खादीच्या जाकिटात. नातू सिंहासनावरून अस्खलित इंग्रजीत सगळ्या लहान मुलांना ठार मारण्याचा हुकूम देत होता आणि गुरुजी शेजाऱ्याला म्हणत होते, ‘‘उच्चार बघा, उच्चार.’’

नाटक संपलं आणि माणसं गोठ्याकडे वळली. पुढची घटना मी दोन हातांवरून पाहिली. एक म्हातारी, पुलगावकडची असावी, नऊवारी, हातात काठी. ती वाकली, गवतात ठेवलेल्या बाळाकडे नीट पाहिलं. मग मारियाच्या पुतळीकडे पाहिलं आणि नातसुनेला म्हणाली, ‘‘एवढ्या थंडीत बाळंतिणीले बाहेर कायले ठेवलं?’’ कमरेची पिशवी सोडली, अकरा रुपये काढले, बाळाच्या पायाशी ठेवले आणि दोन्ही हातांनी बोटं मोडली कानशिलावर. मागच्या बाईने ते पाहिलं. तिने एकवीस ठेवले. तिच्या मागच्याने एक्कावन्न. मग रांगच लागली. कोणी डिंकाच्या लाडवाचा डबा ठेवला, कोणी झबलं-टोपडं. आठ वाजेपर्यंत येशूचं बाळ नोटांखाली दिसेनासं झालं आणि सिस्टर फादरांना म्हणत होत्या, ‘‘फादर, आता काय करायचं?’’ फादर म्हणाले, मोजायचं. लाडू सिस्टरांनी खाल्ले नाहीत, सावंगीच्या दवाखान्यात एका नर्सबाईंची मैत्रीण बाळंत झाली होती, तिला पाठवले. झबलंही तिथेच गेलं.

केकचा एक प्रश्न दरवर्षी येतो. आमचा जिल्हा गांधीजींमुळे दारूबंदीचा. बंदी कशी पाळली जाते हा वेगळ्या लेखाचा, किंबहुना वेगळ्या रात्रीचा विषय आहे. पण केरळच्या केकात रममध्ये भिजवलेला सुकामेवा असतो हे कोणीतरी यूट्यूबवर पाहिलं आणि ग्रुपवर चर्चा निघाली. दारू न पिणाऱ्यांना धर्म आठवला, पिणाऱ्यांना कायदा. सिस्टरांनी एका ओळीत उत्तर दिलं: मेवा संत्र्याच्या रसात भिजवला आहे, संत्री कारंजा घाडग्याची. चर्चा थांबली. काही बाप जरा हिरमुसले असं माझं मत आहे.

सहलीबद्दल फार लिहीत नाही, कारण सहल दरवर्षी सेवाग्रामलाच जाते. बापूंची कुटी, व्हाइसरॉयने बसवून दिलेल्या टेलिफोनची खोली, प्रार्थनेची जागा, सगळं दाखवतात. घरी येऊन पोरं सांगतात ते एकच: साप पकडायचा लाकडी चिमटा. मारायचा नाही, पकडून दूर सोडून द्यायचा. नातीने त्याच रात्री पोळ्यांच्या चिमट्याने पाल पकडायचा प्रयोग केला. येताना गोरस भांडाराचा गोरसपाक, तो सिस्टर सुट्टीत केरळला नेतात आणि बदल्यात केळ्यांच्या चिप्सचं पोतं येतं. चिप्स आल्याची बातमी काका स्टेशनवरून देतात.

पेपर दाखवण्याचा दिवसही असाच उरकतो. साडेएकोणीसचे वीस का नाहीत, यावर आया आणि मिस यांच्यात जी घासाघीस होते ती सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या ओलाव्यावरून होते तशी: दोघांनाही माहीत असतं की आकडा बदलणार नाही, पण न बोलता गाडी परत नेणं बरं दिसत नाही.

आता फादरांचा नारळ. हे फादर आले तेव्हा त्यांनी सोबत रोपं आणली. मिरी जूनमध्ये गेली, फणस पुढच्या मे महिन्यात. एक नारळ राहिला. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की पोरांची पेन्सिल आत गेली तर परत येत नाही, आणि पारा पंचेचाळीसवर. फादरांनी त्या झाडाला गोणपाट बांधलं, रात्री उठून पाणी घातलं. बोअर आटली तेव्हा शिपाईमामांनी पलीकडच्या मारुतीच्या विहिरीवरून बादल्या आणल्या. झाडाची तब्येत हा शाळेचा कायमचा विषय झाला. ‘आज एक झावळी पिवळी,’ असं नात जेवताना सांगायची. आणि मग फळ धरलं. तीन धरली, दोन गळली, एक राहिलं.

त्या एका नारळाचं काय करायचं यावर शाळेच्या व्हरांड्यात जो वाद झाला तो मी ऐकला. फादरांचा बेत साधा होता, माशाची आमटी. मामा म्हणाले, पहिलं फळ देवाले.

‘‘दिलं की,’’ फादर म्हणाले. ‘‘मी चर्चमध्ये आशीर्वाद घेतला त्यावर.’’

‘‘ते तुमच्या देवाले झालं. पण पाणी तं मारुतीच्या विहिरीचं होतं, फादर.’’

फादर सेमिनरीत सात-आठ वर्षं धर्मशास्त्र शिकलेले आहेत. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘फोडा.’’ क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाला मामांनी तो फोडला. पाणी निघालं दोन चमचे. खोबरं बरं होतं. अर्धं मारुतीला गेलं, अर्धं आमटीत, आणि आमटीची वाटी मामांच्या घरी.

आणि या सगळ्यांत मोठी बातमी यंदा मे महिन्यात फुटली. सिस्टरांची बदली. अजून कागद यायचा होता, पण काका म्हणाले, ‘‘सिस्टर दरसाली या दिवसात मागं हळद लावते. औंदा वाफे तसेच पडून हायेत.’’ फाटकाशी सन्नाटा पसरला. वर्ध्यात बदली म्हणजे थांबवता येणारी गोष्ट, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. ग्रामसेवकाची थांबते, तलाठ्याची थांबते, माझीही एकदा थांबली होती. तीन पालक आमदारांचं पत्र घेऊन आले, त्यावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा. सिस्टरांनी ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘मदर प्रोव्हिन्शियलना दाखवते. पण त्या विचारतील, हे कोणत्या धर्मप्रांताचे बिशप?’’

रात्री ग्रुपवर शिक्षणाधिकाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि अकराच्या सुमारास एकाने लिहिलं की मग सरळ पोपलाच मेल टाकू. त्याखाली दोघांनी ‘सहमत’ लिहिलं, आणि एका आईने मेल आयडी मागितला.

निरोप प्रत्येक वर्गाने वेगळा दिला. प्रत्येक वर्गाची शाल, प्रत्येक वर्गाचं श्रीफळ. सेहेचाळीस अंशांत सिस्टर एकावर एक शाली घेत होत्या आणि हसत होत्या. स्वतःचं काही ठेवायचं नाही हे त्यांचं व्रत, त्यामुळे शाली वृद्धाश्रमात गेल्या. नारळांचं पोतं फादरांनी मागून घेतलं. त्यातले दोन त्यांनी लावायला काढले आहेत, अशी बातमी आहे.

नवीन सिस्टर आल्या आहेत. कडक आहेत असं पहिल्या दिवशी ठरलं, नाहीत असं तिसऱ्या. परवा पावणेअकराला ग्रुपवर एकाने विचारलं की यांची फीस्ट कोणत्या तारखेला असते, म्हणजे तयारीला लागता येईल. अंगठे आले, गुलाब आला, उत्तर आलेलं नाही. काका म्हणाले, ‘‘थांबा बाबूजी दोन दिवस. किचनमधून कळते.’’